नागपूरभोवतीच्या गावांत आगळी जनावरे कशी ओळखावीत

शहरातून सुटीच्या दिवशी खेड्याकडे निघालेली मंडळी जाळीमागे उभा असलेला एमू, म्हणजे शहामृगासारखा परदेशी पक्षी, दिसला की गाडी थांबवतात, आणि त्याच रस्त्यावर बांधाच्या कडेला कडबा खात असलेल्या पांढऱ्या बैलजोडीकडे न पाहता पुढे जातात. माझ्या मते ही निवड उलटी आहे. एमू पैसे मोजून कुठेही आणता येतो. ती पांढरी जोडी अस्सल गवळाऊ या देशी जातीची असेल तर वर्धा आणि नागपूर जिल्हे व लगतचा मध्य प्रदेश सोडून तिला दुसरे घर नाही. म्हणून या लेखात परदेशी पाहुण्यांना थोडी जागा दिली आहे आणि इथल्याच मातीतल्या, पण आता शोधावे लागणाऱ्या जनावरांना जास्त.

आधी वेळेचे पाहू. गुरे पाहायची तर दिवसाची दोनच टोके उपयोगाची असतात. सकाळी गुराखी गावची जनावरे आखरावर गोळा करतो तेव्हा, आणि संध्याकाळी ती परत येतात तेव्हा. या दोन्ही वेळी सगळ्या गावची गुरे एकामागून एक डोळ्यांसमोरून जातात आणि चाल, शिंगे, बांधा यांची तुलना आपोआप होते. दुपारी तीच गुरे पाच ठिकाणी पांगलेली असतात. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा सकाळी नऊनंतर रानात हिंडण्यात अर्थ नाही. जनावरेही सावली सोडत नाहीत. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल बुटाला असा धरतो की शंभर पावलांत पाय दुप्पट जड होतात, त्यामुळे त्या दिवसांत डांबरी रस्त्यालगतच्या गोठ्यांवरच समाधान मानावे. सर्वांत सोयीचा काळ दिवाळीपासून होळीपर्यंतचा. एक दिवस मात्र पावसाळ्यातलाच चुकवू नये, तो म्हणजे श्रावण अमावास्येचा पोळा. आदल्या दिवशी बैलांचे खांदे लोण्या-हळदीने चोळून, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या’ असे म्हणून त्यांना आमंत्रण दिले जाते आणि दुसऱ्या दिवशी गावातला प्रत्येक बैल धुऊन, रंगवून, झूल घालून तोरणाखाली उभा असतो. वर्षभर गोठ्यात लपलेले चांगले जनावर त्या दिवशी बाहेर येतेच. फक्त शिंगांना रंग आणि बेगड लावलेली असल्याने त्यांचा मूळ रंग कळत नाही, एवढी त्यात अडचण आहे.

गाय किंवा बैल पाहताना नवख्या माणसाची नजर प्रथम रंगावर जाते. ती सवय मोडावी लागते. पहिल्यांदा खांद्यावर पाहावे. वशिंड ठळक असेल तर जनावर देशी. पाठ मानेपासून शेपटीपर्यंत सपाट असेल तर होल्स्टिन किंवा जर्सी या परदेशी जातींचा संकर. त्यानंतर शिंगे, मग कपाळाची ठेवण, मग कान, आणि सर्वांत शेवटी रंग. हा क्रम मला एका फजितीने शिकवला. कारंजा घाडगेकडच्या एका गावात पांढरीशुभ्र गाय पाहून मी मोठ्या आत्मविश्वासाने ‘काय सुंदर गवळाऊ आहे’ असे म्हणालो. गोठ्याच्या दारात बसलेल्या म्हाताऱ्या काकांनी तंबाखू मळता मळता वर पाहिले आणि म्हणाले, “भाऊ, रंग काय पाहून रायले? शिंगं पाहा, शिंगं.” शिंगे लांबलचक, मागे जाऊन वर वळलेली होती. ती गाय खिल्लार वळणाची, सोलापूर-सांगलीकडच्या रक्ताची होती. मग त्यांनीच मला आतल्या बाजूला बांधलेली दुसरी गाय दाखवली, आणि दोघी शेजारी शेजारी पाहिल्यावर पुन्हा कधी गफलत झाली नाही.

गवळाऊची शिंगे आखूड असतात, टोकाला बोथट आणि किंचित मागे कललेली. चेहरा लांबट व अरुंद. कपाळ वरच्या बाजूला थोडे मागे गेलेले, त्यामुळे बाजूने पाहिले की नाकापासून शिंगांपर्यंतची रेषा हलकीशी फुगीर दिसते. डोळे बदामी आकाराचे आणि जरा तिरपे बसवल्यासारखे. गाय बहुधा शुभ्र पांढरी, तर बैलाच्या मानेवर, वशिंडावर आणि मागच्या भागावर राखाडी झाक येते. आंध्रातील ओंगोल जातीशी तिचे बरेच साम्य आहे, मात्र ओंगोल अंगाने कितीतरी भारी असते आणि गवळाऊ हलकी, सडपातळ, पायाने चपळ. मराठ्यांच्या फौजा डोंगराळ मुलखातून वेगाने सामान हलवायला हे बैल वापरत असत, असे या जातीविषयी सांगितले जाते, आणि जोडी दुडक्या चालीने छकडा ओढताना पाहिली की ते पटते. आर्वी, आष्टी, कारंजा हे वर्धा जिल्ह्यातले तालुके तिचे माहेर. तिथल्या नंद गवळी समाजाने ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. नागपूरहून अमरावती रस्त्याने कोंढाळी मागे टाकून कारंजा गाठावे. तिथून जवळच हेटीकुंडी येथे शासनाचे गवळाऊ पैदास केंद्र आहे. परवानगी काढून तिथे एकदा जाऊन यावे. एकाच जातीची अनेक जनावरे एका जागी पाहिली की डोळा बसतो, आणि मग रस्त्यावरची मिश्र गुरे पाहताना तो डोळा आपले काम करतो.

म्हशींच्या बाबतीत तर शिंगांशिवाय दुसरा आधारच नाही, कारण बहुतेक सगळ्या काळ्या. इथे उन्हाळ्याची दुपार उपयोगी पडते. म्हशीला घाम कमी येतो, तिची काळी कातडी ऊन शोषते, म्हणून ती तलावात जाऊन बसते आणि पाण्याबाहेर फक्त डोके राहते. म्हणजे ओळखायला नेमके जे हवे तेवढेच दिसते. उमरेड-कुहीकडच्या एखाद्या गावतलावाच्या पाळीवर बाभळीच्या सावलीत बसून वीस म्हशींची वीस डोकी पाहावीत. ज्यांची शिंगे जिलबीसारखी घट्ट वळलेली, त्या मुऱ्हा किंवा तिच्या संकराच्या. शहरातल्या तबेल्यांत याच जास्त. कपाळ घुमटासारखे फुगलेले आणि जाड शिंगे खाली लोंबलेली, तर जाफराबादी. आणि जिची शिंगे चपटी, लांब, तलवारीच्या पात्यासारखी, मानेच्या दोन्ही बाजूंनी मागे खांद्यापर्यंत गेलेली, ती नागपुरी म्हैस. तिला वऱ्हाडी किंवा एलिचपुरी असेही म्हणतात. चेहरा लांब व निमुळता, आणि पुष्कळदा तोंडावर, पायांवर किंवा शेपटीच्या गोंड्यात पांढरा ठिपका असतो. पंढरपुरी म्हशीची शिंगे याहूनही लांब, कधी कधी मीटरभरापेक्षा जास्त, पण ती जात इकडे क्वचितच भेटते. नागपुरी म्हैस दुधाला मुऱ्हाच्या जवळपासही जात नाही. तरी वाळला चारा आणि इथला उन्हाळा निभावून नेण्याची तिची ताकद गावातले लोक जाणून आहेत. आपल्या शहराचे नाव धारण करणारी म्हैस नागपूरकरांनी ओळखू नये, हे मला जरा लाजिरवाणे वाटते.

तलावात एखादी म्हैस काळी नसून भुरकट दिसली तर लगेच तिला वर्णहीन किंवा रोगट ठरवू नये. अकोला, बुलढाणा, अमरावती जिल्ह्यांतल्या पूर्णा नदीच्या खोऱ्यात पांढुरक्या ते फिकट तपकिरी रंगाची म्हैस पूर्वापार आहे. तिला पूर्णाथडी म्हणतात, बोलण्यात नुसते ‘भुरी’. जानेवारी २०२३ मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. लग्नकार्यात, सोयरिकीत किंवा बाजारातून ती नागपूरकडेही येते. जन्मजात वर्णहीन जनावर वेगळे: त्याची नाकपुडी आणि डोळ्यांच्या कडा गुलाबी असतात आणि उन्हात ते डोळे बारीक करते.

पूर्णाथडीसोबत त्याच वेळी महाराष्ट्रातली गाय-बैलांची आणखी एक जात नोंदली गेली, ती कठाणी. तिच्यासाठी उलट्या दिशेला, पूर्वेकडे जावे लागते. वैनगंगेकाठच्या गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाच्या धानपट्ट्यात शिरले की बैल लहान होत जातात, आणि पश्चिम विदर्भातल्या उंच जोड्या पाहिलेल्या माणसाला वाटते की इथली जनावरे खंगलेली आहेत. तसे नसते. रोवणीच्या आधी गुडघाभर चिखलात दिवसभर नांगर ओढायला जड बैल कामाचा नाही, तो रुततो. गडचिरोलीजवळच्या कठाणी नदीवरून नाव पडलेली ही गुरे आटोपशीर अंगाची, पांढरी, तांबूस, काळी किंवा मिश्र अशा कोणत्याही रंगाची असू शकतात. इथे रंगाने काहीच कळत नाही. बांधा आणि प्रदेश मिळूनच ओळख पटते.

शेळ्यांकडे कुणी थांबून पाहत नाही, म्हणून त्यांच्यात शोध लावण्याची गंमत जास्त आहे. विदर्भाची स्वतःची शेळी बेरारी. अंग फिकट ते गडद बदामी, आणि शिंगाच्या बुडापासून नाकपुडीपर्यंत चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पट्टा उतरलेला. मादीच्या पाठीच्या कण्यावरून शेपटीपर्यंत काळ्या केसांची रेघ जाते. बोकडाच्या गळ्याभोवती काळ्या केसांचे कडे असते. कळपात काळ्या शेळ्या अधिक असतील तर त्या मराठवाड्यातल्या उस्मानाबादीच्या वंशाच्या असण्याचा संभव मोठा. फार लांब लोंबते कान आणि पोपटासारखे बाकदार नाक दिसले तर जमुनापारीचे रक्त आहे असे समजावे.

कोंबड्यांत हल्ली कडकनाथच्या नावावर बराच गोंधळ चालतो. रस्त्याकडेच्या ढाब्यावर फलक असतो, मागे खुराड्यात काळ्या पिसांची कोंबडी असते, आणि ती कडकनाथ असतेच असे नाही. पिसे पाहून निर्णय करूच नये. उलट खऱ्या कडकनाथमध्ये मानेवर सोनेरी किंवा रुपेरी छटा असलेले पक्षीही असतात. सावनेर रस्त्यावरच्या एका शेतात तिथल्या ताईंनी मला जी पद्धत दाखवली ती अशी: त्यांनी कोंबडी काखेत धरली, अंगठ्याने चोच हलकेच उघडली, आणि आत जीभ शिसवी लाकडासारखी काळसर होती. मग पंख उचलून पिसे फुंकरीने बाजूला केली. खालची कातडीही तशीच. तुरा लालभडक नव्हता, जांभळट काळा होता, आणि पायाची नखेही काळी. हा काळेपणा कातडी, मांस आणि हाडापर्यंत उतरलेला असतो, म्हणूनच तिच्या मूळ मुलखात, मध्य प्रदेशातल्या झाबुआ-अलीराजपूरकडे, तिला ‘कालामासी’ म्हणतात. झाबुआच्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. अंडे मात्र काळे नसते, फिकट बदामी असते. कुणी काळे अंडे म्हणून काही विकत असेल तर पुढची चौकशी न करता निघावे. कोंबडी स्वतः हातात घेण्याचा आग्रह धरू नये. मालकाला दाखवायला सांगावे.

उरलेले पक्षी थोडक्यात. राखाडी अंगावर पांढरे ठिपके, डोक्यावर हाडाचा टोप आणि अनोळखी माणूस दिसताच करवतीसारखा आवाज, ती गिनी फाउल. मूळची आफ्रिकेची, आणि राखणीच्या कामी कुत्र्याइतकी चोख. गळ्याखाली लाल लोंबते मांस आणि पंख्यासारखी शेपटी, ती टर्की. माणसाच्या उंचीच्या पक्ष्याच्या पायाला तीन बोटे असतील तर एमू, दोन असतील तर शहामृग. एमूचे अंडे गडद हिरवे असते. दशकाहून अधिक काळापूर्वी एमूपालनाची लाट आली आणि ओसरली, त्यामुळे आज दिसणारे पक्षी बहुधा शोभेपुरते राखलेले असतात.

कापूस आणि तूर निघाल्यावर मोकळ्या रानात अचानक उंट दिसला तर तो कुठल्याही सर्कशीतला नसतो. कच्छकडचे रबारी, ज्यांना इकडे सरसकट काठेवाडी म्हणतात, मेंढ्यांचे मोठे कळप घेऊन विदर्भात फिरतात आणि त्यांचा संसार उंटांवर असतो: खाट, भांडी, कोंबडे, कधी त्या सगळ्यांवर बसवलेले एखादे लेकरू आणि नुकतेच जन्मलेले कोकरू. शेतकरी त्यांना आपल्या शेतात मेंढ्या बसवायला बोलावतात, कारण रात्रभराच्या लेंड्या-मुताने जमिनीला खत मिळते, आणि त्या बदल्यात धान्य किंवा पैसे देतात. त्यांचा तळ शोधायचा असेल तर गावात ‘मेंढ्या कोणाच्या वावरात बसल्या?’ असे विचारावे. उंट दिसले म्हणजे काही गैर चालले आहे असे गृहीत धरू नये. जानेवारी २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यात ५८ उंट अशाच संशयावरून अडवले गेले आणि प्रकरण न्यायालयापर्यंत पोहोचले. आपण परंपरेने उंट पाळणारे आहोत असे उंटवाले सांगत होते. तळाजवळ जाताना लांबूनच हाक द्यावी. त्यांचे कुत्रे लांडग्याशी दोन हात करण्यासाठी पाळलेले असतात आणि पाहुण्याची ओळख पटेपर्यंत ते थांबत नाहीत.

काही वेळा जनावर शेतात असते पण शेतातले नसते. पहाटेच्या अंधुक उजेडात हरभऱ्यात उभी असलेली निळसर ‘घोड्यासारखी गाय’ म्हणजे रोही, पुस्तकी नावाने नीलगाय. मागचा भाग उतरता, गळ्याला पांढरा डाग, नराला वीतभराची शिंगे. ती रानटी आहे. तिच्या मागे पिकात शिरू नये, शेतकऱ्याचे नुकसान तिने आधीच पुरेसे केलेले असते. दुसरी नेहमीची गफलत आकाराची. आंध्रातल्या बुटक्या पुंगनूर गाईंची अलीकडे हौस वाढल्यापासून कुठलेही लहान जनावर पुंगनूर म्हणून दाखवले जाते. अशा वेळी मालकाला दात दाखवायला सांगावे. गुरांना वरच्या जबड्यात समोर दात नसतात. खाली आठ असतात. सगळे दुधाचे असतील तर जनावर ‘आदत’, म्हणजे साधारण दोन वर्षांच्या आतले वासरूच. पुढे दोन, चार, सहा असे रुंद पक्के दात येत जातात आणि पाचव्या वर्षाच्या सुमारास आठही आले की जनावर ‘जुळले’ असे म्हणतात. जुळलेली गाय कमरेएवढीच असेल तर मग पुंगनूरची गोष्ट करावी.

हे दात पाहणे शिकायला गुरांच्या आठवडी बाजारासारखी शाळा नाही. पहाटे पोहोचावे, खिशात वही ठेवावी, आणि दलालाच्या मागे चार पावले अंतर राखून उभे राहावे. तो बैलाचा ओठ वर करतो, पाठीवर थाप मारून बैल दचकतो का ते पाहतो, दहा पावले चालवतो आणि मागच्या खुरांचा ठसा पुढच्या ठशावर पडतो का ते न्याहाळतो. भाव मात्र अजूनही काही ठिकाणी रुमालाखाली बोटे दाबून ठरतो, तेव्हा तिथे डोकावू नये. उगाच किंमत विचारू नये. विचारली तर तुम्हाला गिऱ्हाईक समजले जाते आणि मग सुटका अवघड होते.

गोठ्यावर गेल्यावर पहिला नमस्कार माणसाला करावा, कॅमेरा नंतर काढावा. वडीलधाऱ्याला काका किंवा बाप्पू, बरोबरीच्याला भाऊ, बाईमाणसाला ताई किंवा मावशी म्हणावे. गळ्यात काळा दोरा किंवा बिब्बा बांधलेला असेल तर त्या घरी दृष्ट लागण्याची धास्ती आहे असे समजून कौतुक आवरते घ्यावे, आणि नुकत्याच व्यालेल्या गाई-म्हशीचा फोटो मागू नये. जनावराच्या मागून जाऊ नये. बाजूने, त्याला दिसेल असे, हळू आवाजात बोलत जावे. एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जाण्यापूर्वी बुटांचे तळ धुवावेत. लाळ्या-खुरकूत अशा बुटांवरून पसरू शकतो, आणि लम्पीच्या साथीत ज्यांची गुरे गेली त्या घरांत ही काळजी घेणाऱ्या पाहुण्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाते. कोंबड्यांच्या शेडमध्ये तर आत न जाता बाहेरूनच पाहावे.

फोटो तीनच पुरे: एक पूर्ण बाजूचा, जनावराच्या उंचीएवढे वाकून घेतलेला, एक समोरून चेहऱ्याचा, एक शिंगांचा. बाजूच्या फोटोत मालक शेजारी उभा असेल तर उंचीचा अंदाज कायमचा राहतो. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा आकडी क्रमांक त्या जनावराची सरकारी ओळख असते, त्यावरून जात कळत नाही. तो क्रमांक कुठे प्रसिद्ध करू नये. वहीत गावाचे नाव, तारीख, मालक त्या जनावराला काय म्हणतो तो शब्द, आणि ते त्याच्याकडे कुठून आले हे लिहावे. शेवटचा मुद्दा सगळ्यांत जास्त उलगडा करतो: ‘आजोबांपासून घरचीच’ हे उत्तर आणि ‘मागच्या साली बाजारातून’ हे उत्तर यांत जातीच्या शुद्धतेचा बराचसा निकाल असतो. तरीही शंका राहिली तर फोटो घेऊन नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जाऊन विचारावे. आणि बाजूने घेतलेल्या चांगल्या फोटोची एक प्रत छापून पोळ्याच्या आधी मालकाला नेऊन द्यावी. कारंजाकडच्या त्या काकांना मी अशी एक प्रत नेऊन दिली, तेव्हा त्यांनी ती दाराच्या चौकटीला खोचली, गाईकडे एकदा, फोटोकडे एकदा पाहिले आणि म्हणाले, “आता शिंगं बराबर आली.”